पासवर्डचा जुडगा आणि काढून घेतलेली सोय

घराची, कपाटाची, स्कूटरची आणि कार्यालयातील खणाची किल्ली एकाच कडीत ओवून ठेवण्याची सवय बहुतेकांना असते. संगणक आणि मोबाइलच्या जगात हेच काम 'पासवर्ड मॅनेजर' या प्रकारचे सॉफ्टवेअर करते. जुडगा हाताशी असतो तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मात्र, ज्याने कडी दिली त्यानेच एके दिवशी 'या कडीत यापुढे किल्ल्या ठेवता येणार नाहीत' असे कळविले तर काय होते, याचा अनुभव 'मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर' वापरणाऱ्यांना २०२५ मध्ये आला. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत या ॲपमधून पासवर्ड आपोआप भरण्याची सोय टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आली. त्यानिमित्ताने उमटलेली नाराजी एका ॲपपुरती मर्यादित नाही. आपल्या सर्व खात्यांच्या किल्ल्या कोणाच्या हाती सोपवाव्यात, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

काय बदलले?

ऑथेंटिकेटर हे मुळात ओळख पटविण्याच्या दुसऱ्या टप्प्यासाठीचे ॲप आहे. पासवर्ड दिल्यानंतर खातेदाराची पुन्हा एकदा खातरजमा करणे, त्यासाठी ठरावीक सेकंदांनी बदलणारा संकेतांक दाखविणे, हे त्याचे काम. डिसेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यात पासवर्ड साठविण्याची व ते आपोआप भरण्याची सुविधा चाचणी स्वरूपात आणली आणि २०२१ च्या प्रारंभी ती सर्वांना खुली केली. पुढील चार वर्षांत अनेकांनी आपले पासवर्ड, काहींनी पत्ते आणि कार्डांचे तपशीलही या ॲपच्या हवाली केले.

२०२५ मध्ये कंपनीने वेळापत्रक जाहीर केले. जूनपासून नवे पासवर्ड साठविणे बंद झाले. जुलैमध्ये आपोआप भरण्याची सोय थांबली आणि साठविलेले कार्डांचे तपशील काढून टाकण्यात येतील, असे सांगण्यात आले. ऑगस्टपासून साठविलेले पासवर्ड या ॲपमधून दिसेनासे झाले. पासवर्ड मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेले असल्याने ते नष्ट झाले नाहीत. कंपनीच्याच 'एज' या ब्राउझरमधून ते वापरता येतात. ज्यांना एज नको होते, त्यांना मुदतीपूर्वी पासवर्डची यादी बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावी लागली. कार्डांचे तपशील मात्र नव्या ठिकाणी स्वतःच पुन्हा भरणे भाग होते. ओळखीचा दुसरा टप्पा आणि 'पासकी' या दोन्ही सुविधा ऑथेंटिकेटरमध्ये कायम राहिल्या.

आक्षेप कशाबद्दल?

पहिला आक्षेप सक्तीबद्दलचा होता. ज्यांनी ॲप निवडले, त्यांनी ब्राउझर निवडला नव्हता. मोबाइलवर दुसरा ब्राउझर वापरणाऱ्यांनाही पासवर्ड जागच्या जागी हवे असतील, तर एज उतरवून घेऊन मोबाइलच्या सेटिंगमध्ये तोच भरणा करणारा म्हणून नेमावा लागणार होता. सुविधेचे सुसूत्रीकरण करणे हा कंपनीने दिलेला हेतू होता. स्वतःच्या ब्राउझरकडे ग्राहक वळविणे हा अनेक वापरकर्त्यांना दिसलेला हेतू होता.

दुसरा आक्षेप वेळेचा होता. ज्याला संगणकाची सवय आहे, त्याच्यासाठी स्थलांतर हे अर्ध्या तासाचे काम. मुलाने किंवा सुनेने एकदा ॲप लावून दिले आणि पुढे ते आपसूक चालत राहिले, अशा ज्येष्ठांची स्थिती वेगळी. ॲपमधील सूचना वाचली नाही किंवा वाचून कळली नाही, तर पासवर्ड गेलेच, असा समज होणे स्वाभाविक होते. संपूर्ण ऑथेंटिकेटरच बंद होत आहे, असाही गैरसमज पसरला.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा आणि म्हणून सर्वांत महत्त्वाचा. आपोआप भरणा ही निव्वळ आळसाची सोय आहे, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात पासवर्ड मॅनेजर प्रत्येक पासवर्डबरोबर संकेतस्थळाचा पत्ताही जपून ठेवतो आणि समोरचे पान त्याच पत्त्यावरचे असेल तरच रकाना भरतो. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल करून ग्राहकाला फसवू पाहणाऱ्या भामट्याच्या पत्त्यात एका अक्षराचा फरक असतो. माणसाच्या नजरेतून तो निसटतो. सॉफ्टवेअरच्या नजरेतून सहसा निसटत नाही. रकाना रिकामा राहिला, ही धोक्याची घंटा ठरते. ही सोय गेली की माणूस पासवर्डची नक्कल करून स्वतः चिकटवतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवू लागतो. पहिल्या मार्गात पत्त्याची पडताळणी होत नाही. दुसऱ्यात एका ठिकाणची चोरी सर्व खात्यांना भोवते.

याला दुसरी बाजूही आहे. पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याचा संकेतांक एकाच ॲपमध्ये असले, तर दोन कुलपांच्या किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्यासारखे होते. त्या दृष्टीने दोन्ही वेगळे करणे गैर नव्हते. पण तो निर्णय वापरकर्त्याने समजून उमजून घेणे वेगळे आणि तो त्याच्यावर लादला जाणे वेगळे.

जुडग्याचा इतिहास

संगणकावर पासवर्डचा वापर १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सुरू झाला. फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तेथे एकच संगणक अनेकांनी वापरण्याची प्रणाली उभी राहिली आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राखण्यासाठी पासवर्ड आला. १९६२ मध्ये तेथील एका संशोधक विद्यार्थ्याने संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून सर्व पासवर्डची यादीच छापून घेतली. पासवर्ड आणि पासवर्डची चोरी यांची वये जवळपास सारखीच आहेत.

इंटरनेटच्या प्रसारानंतर खात्यांची संख्या वाढली आणि स्मरणशक्ती अपुरी पडू लागली. सांकेतिक लिपीशास्त्राचे अभ्यासक ब्रूस श्नायर यांनी १९९७ मध्ये 'पासवर्ड सेफ' हे विनामूल्य सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले. एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा आणि बाकीचे सारे त्याच्या आधारे बंदिस्त करायचे, ही त्यातील कल्पना पुढील सर्व सॉफ्टवेअरचा पाया ठरली. २००३ मध्ये जर्मनीतील डॉमिनिक राइशल यांचे 'कीपास', २००६ मध्ये कॅनडातील कंपनीचे 'वनपासवर्ड', २००८ मध्ये 'लास्टपास' आणि २०१६ मध्ये 'बिटवॉर्डन' आले. ॲपलच्या आयओएसमध्ये २०१८ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०१७ पासून अशा बाहेरच्या सॉफ्टवेअरला रकाने भरण्याची अधिकृत मुभा मिळाली. तेव्हापासून ही सोय मोबाइलवर खऱ्या अर्थाने रुळली.

यातील एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. कीपाससारख्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्डची बंदिस्त फाइल वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावर असते. ती सांभाळण्याची जबाबदारी त्याची, तसा ताबाही त्याचाच. कंपन्यांच्या सेवांमध्ये ती फाइल त्यांच्या सर्व्हरवर असते. मोबाइल, संगणक व टॅबलेट यांचा मेळ आपोआप बसतो, पण नियम कंपनीचे असतात.

यापूर्वीचे प्रसंग

सोय देऊन ती मागे घेण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. नोव्हेंबर २०१६ मध्ये लास्टपासने सर्व प्रकारच्या उपकरणांवर विनामूल्य वापराची मुभा दिली. साहजिकच ग्राहकांनी आपला संसार तेथे थाटला. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने ही मुभा आटोपती घेतली. १६ मार्च २०२१ पासून विनामूल्य वापरकर्त्यांना संगणक किंवा मोबाइल यांपैकी एकच प्रकार निवडणे भाग पडले. दोन्ही हवे असल्यास वर्गणी भरणे आले. किल्ली घरी लागते तशी दारीही लागते. त्यामुळे ही निवड अनेकांना निवड वाटलीच नाही आणि बिटवॉर्डनसारख्या पर्यायांकडे ओघ सुरू झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वनपासवर्डच्या आठव्या आवृत्तीची चाचणी मॅक संगणकांसाठी खुली झाली, तेव्हा आणखी एक वाद उभा राहिला. आधीच्या आवृत्त्यांत तिजोरी आपल्याच संगणकावर ठेवण्याची आणि हवी तर स्वतःच्या पद्धतीने जुळवून घेण्याची मुभा होती. नव्या आवृत्तीत ती राहिली नाही. पासवर्ड कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणे आणि वर्गणी भरणे हाच मार्ग उरला. जुन्या, एकरकमी पैसे मोजलेल्या ग्राहकांनी तीव्र नापसंती दर्शविली. तरीही २०२२ मध्ये ती आवृत्ती त्याच स्वरूपात बाजारात आली.

२०२२ मध्येच लास्टपासवर मोठा घाला पडला. ग्राहकांच्या बंदिस्त तिजोऱ्यांच्या प्रती हल्लेखोरांच्या हाती लागल्याचे कंपनीने त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मान्य केले. मुख्य पासवर्ड भक्कम असेल तर आतील पासवर्ड उघडणे अत्यंत कठीण. तो सोपा असेल तर धोका मोठा. सेवा बदलल्यानंतर जुने खाते तसेच पडू देऊ नये, हा धडा त्यातून मिळाला.

कंपन्यांची बाजू

सॉफ्टवेअर एकदा तयार झाले म्हणजे काम संपत नाही. मोबाइलची प्रत्येक नवी आवृत्ती, प्रत्येक संकेतस्थळाची बदललेली रचना आणि नव्याने सापडलेली प्रत्येक त्रुटी यांसाठी मनुष्यबळ लागते. एकच काम करणारी दोन ॲप राखण्याऐवजी एकावर लक्ष देणे कंपनीला परवडते. शिवाय या उद्योगाची दिशाच बदलत आहे. मे २०२२ मध्ये ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी पासकीला पाठबळ देण्याचे संयुक्तपणे जाहीर केले. पासकीमध्ये लक्षात ठेवण्याजोगा शब्दच नसतो. उपकरणात गुप्त किल्ली असते, संकेतस्थळाकडे तिची जोडीदार असते आणि बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून वापरकर्ता तिला परवानगी देतो. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टची नवी खाती मुळातच पासवर्डविना उघडली जाऊ लागली.

तथापि, पासवर्ड एका रात्रीत अस्तंगत होणार नाहीत. वीजबिल, विमा, प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी अशा खात्यांचा पसारा असलेल्या सामान्य कुटुंबाला ते आणखी बरीच वर्षे सांभाळावेच लागतील.

वापरकर्त्यांनी काय करावे?

पासवर्ड मॅनेजर निवडताना त्याच्या सोयींइतकेच बाहेर पडण्याच्या दाराकडे पाहावे. साठविलेली सर्व माहिती एका फाइलमध्ये काढून घेता येते का, हे आधी तपासावे. अशी फाइल बहुधा साध्या मजकुराच्या स्वरूपात असते आणि ती उघडणाऱ्या कोणालाही सर्व पासवर्ड वाचता येतात. म्हणून ती ई-मेलने पाठवू नये, सायबर कॅफे किंवा कार्यालयाच्या संगणकावर तयार करू नये आणि नव्या ठिकाणी माहिती नीट पोहोचल्याची खात्री होताच कचरापेटीसह पुसून टाकावी. त्यानंतरच जुने खाते बंद करावे.

बँक आणि मुख्य ई-मेल यांचे पासवर्ड स्थलांतरानंतर स्वतः उघडून पाहावेत. ई-मेलला विशेष महत्त्व आहे, कारण विसरलेला पासवर्ड परत मिळविण्याचा मार्ग बहुतेक ठिकाणी तिथूनच जातो. मुख्य पासवर्ड आणि खाते परत मिळविण्याचे संकेतांक कागदावर लिहून घरातील दागिने वा दस्तऐवजांबरोबर कुलपात ठेवण्यास हरकत नाही. परदेशातील चोर मुंबईतील कपाटातला कागद वाचू शकत नाही. घरातील किमान एका विश्वासू व्यक्तीला तो कागद कोठे आहे, हे ठाऊक असावे. कर्त्या माणसाच्या आजारपणात किंवा पश्चात त्याचे मोल कळते.

एका सेवेतून दुसऱ्या सेवेत पासवर्ड व पासकी सुरक्षितपणे नेता याव्यात, यासाठी फिडो अलायन्स या उद्योगसंघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये समान पद्धतीचा मसुदा प्रसिद्ध केला. ही पद्धत सर्वत्र रुळली, तर उघड्या फाइलचा धोकादायक टप्पा टळेल. भ्रमणध्वनी क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय भारतात २०११ पासून देशभर मिळाली आणि ग्राहकाचे पारडे थोडे जड झाले. पासवर्डच्या बाबतीतही तसे व्हावे, अशी अपेक्षा गैर नाही. सोयी येतील आणि जातील; जुडगा मात्र ज्याचे घर, त्याच्याच हाती राहिला पाहिजे.