नाताळ आणि जयंती

डिसेंबर लागला की आमच्या घरात एकाच सणाला दोन नावे सुरू होतात. वडील वसईचे, कॅथलिक, त्यांचा नाताळ. आई नगरकडची, प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेली. तिच्या माहेरी ख्रिस्तजयंती. त्यांना मिस्सेला जाण्याची घाई, तिला उपासनेतली गाणी आठवतात. पहिला शब्द परका आणि दुसरा घरचा, असे कुणीही म्हणेल. मुळाशी गेले की मात्र पारडे फिरते.

वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. अंमल उठला, पण पाद्री, क्रूस, मिस्सा, नाताळ हे शब्द इथेच रुजले. पोर्तुगीज नताल म्हणजे ख्रिस्ताचा जन्मदिन. वास्को द गामाची गलबते १४९७ च्या डिसेंबरात आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत होती, तेव्हा सण आला म्हणून त्या भूमीलाही तेच नाव मिळाले. आपण त्यातल्या ल चा ळ केला आणि शब्द आपला करून टाकला. त्याच्या मागे लॅटिन नातालिस, म्हणजे जन्मासंबंधीचा; त्यामागे नातुस, म्हणजे जन्मलेला; आणि त्याचे जुने रूप ग्नातुस. तो ग् दिसला की संस्कृतातला जन् धातू समोर उभा राहतो. जन्म, जात, जननी आणि नाताळ ही एकाच कुळातली मंडळी आहेत.

आता जयंती. हिचा जन्माशी धातूचा संबंध नाही. ती जि धातूची, जय आणि विजयाची बहीण. श्रावण वद्य अष्टमीला रोहिणी नक्षत्र आले की त्या योगाला जयंती म्हणत. कृष्णजन्माचा तो योग, म्हणून पुढे शब्दाला जन्मदिवसाचा अर्थ चिकटला आणि रामापासून शिवरायांपर्यंत सगळ्यांच्या जयंत्या होऊ लागल्या. म्हणजे दूरवरून आलेला शब्द जन्म सांगतो आणि घरचा शब्द जय.

श्रद्धेच्या दृष्टीने मला हा भेद फार मोलाचा वाटतो. देव माणूस झाला म्हणजे तो आधी तान्हा झाला, दुसऱ्याने उचलून घ्यावे लागेल इतका लहान. लूकच्या शुभवर्तमानातला प्रसंग आई दरवर्षी चोवीस तारखेच्या रात्री मोठ्याने वाचते. मराठी भाषांतरकारांनी तिथे निवडलेले शब्द पाहा: बाळंते, गव्हाण, उतारशाळा. बाळंते म्हणजे तान्ह्याचे गुंडाळायचे कापड. आमच्याकडे ते आजीच्या जुन्या लुगड्याचे असे, कारण अनेक धुण्यांनी ते मऊ झालेले असते. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा. संस्कृतात तिला गवादनी म्हणतात: गाईंनी जिथे खायचे ती. आणि हे घडले ते बेथलेहेमात. या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचे घर. ज्याने पुढे स्वतःला जीवनाची भाकर म्हटले, त्याचा पहिला बिछाना खाण्याच्या जागीच पडला. यात जयाचा एकही नगारा नाही.

वसईत आम्ही गोठा मांडतो. महिनाभर आधी नाचणी ताटलीत भिजवून पेरायची, म्हणजे सणापर्यंत हिरवे पाते वर येते. मेंढपाळ, मेंढरे आणि गाय आधी मांडून होतात. गव्हाण मात्र मध्यरात्रीपर्यंत रिकामी. मग घरातले सर्वांत लहान मूल बाळ ठेवते. यंदा तो मान भाचीचा आहे, आणि मातीचे बाळ दोन्ही हातांनी कसे धरायचे हे तिला आतापासून शिकवणे चालू आहे.

म्हणून पंचवीस डिसेंबरला मी नाताळच म्हणतो. जयंती या शब्दातला जय मला पुनरुत्थानाच्या रविवारी अधिक शोभतो. आईला हे पटत नाही. ती मत्तयचे पान उघडते: योसेफ रात्रीतच मरिया आणि बाळाला घेऊन मिसरकडे निघाला, मग हेरोद राजाने बालकांच्या कत्तलीचा हुकूम सोडला, पण ते बाळ वाचले. तो जय नव्हे तर काय, असे ती विचारते. वडील तिच्या बाजूने आहेत, आणि तिच्या या प्रश्नाला माझ्याजवळ अजून उत्तर नाही.