अल्कोहोलचे इंजिन: शेतातून निसटलेल्या इंधनाचा इतिहास

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने 2025 मध्ये गाठले. 2013-14 मध्ये हे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. या बातमीवरची चर्चा गाडीच्या मायलेजभोवती आणि रबरी नळ्यांभोवती फिरत राहते. इतिहास मात्र वेगळाच प्रश्न पुढे ठेवतो. शेतात पिकणारे हे इंधन शेतकऱ्याला स्वतः तयार करून आपल्या पंपाच्या इंजिनात का घालता येत नाही?

एके काळी नेमकी हीच अपेक्षा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीकडे खनिज तेल फारसे नव्हते, बटाटा मात्र मुबलक होता. शेतांना लागूनच बटाट्यापासून स्पिरिट काढणाऱ्या भट्ट्या होत्या. उरलेला चोथा जनावरांना जाई आणि जनावरांचे शेण पुन्हा शेतात. पिण्यास अयोग्य केलेल्या, म्हणजे डिनेचर्ड, अल्कोहोलला सरकारने करातून सूट दिली आणि तेथील कारखानदारांनी त्यावर चालणारी इंजिने बाजारात आणली.

अमेरिकेत हेच गणित करापाशी अडले. यादवी युद्धाच्या खर्चासाठी 1862 पासून अल्कोहोलवर कर बसला आणि त्यात पिण्याचे अल्कोहोल व जाळण्याचे अल्कोहोल असा भेद नव्हता. शेतकऱ्यांच्या आग्रहानंतर जून 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी डिनेचर्ड अल्कोहोल करमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली. 1 जानेवारी 1907 पासून तो अमलात आला. त्याच वर्षी तेथील कृषी खात्याने शेतीच्या इंजिनांवरील चाचण्यांचे निष्कर्ष पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. पेट्रोलचे इंजिन रचनेत मोठा बदल न करता अल्कोहोलवर चालते, फक्त इंधन जास्त लागते, असे त्यात नोंदले होते.

यामागचे विज्ञान सरळ आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश उष्णता असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 किलो पुरते. म्हणून कार्ब्युरेटरचे जेट मोठे करावे लागते. थंडीत इंजिन सुरू होताना कुरकुरते, कारण इथेनॉलची वाफ होण्यास अधिक उष्णता लागते. उलट, ते दाब अधिक सोसते. त्यामुळे इंजिनाचे संपीडन गुणोत्तर वाढवून ही तूट काही अंशी भरून काढता येते.

तरीही गावोगावच्या इंधनभट्ट्यांचे स्वप्न तेथे विरले. डिनेचर करण्यासाठी सरकारी देखरेख, कुलपे आणि कागदपत्रे लागत. छोट्या शेतकऱ्याला हा पसारा परवडणारा नव्हता. त्यातच खनिज तेलाचे नवे साठे सापडत गेले आणि पेट्रोल स्वस्त राहिले.

भारताने 1948 मध्येच इंडियन पॉवर अल्कोहोल कायदा केला. तो 2000 मध्ये रद्द झाला आणि 2003 मध्ये काही राज्यांत 5 टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. यातला ‘मिश्रण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल सुमारे 95 टक्क्यांपर्यंतच शुद्ध होते, उरलेले पाणी सुटत नाही. केवळ अल्कोहोलवर चालणाऱ्या इंजिनाला एवढे पाणी चालते. ब्राझीलमध्ये 1979 पासून अशा मोटारी धावू लागल्या. पेट्रोलमध्ये मिसळताना मात्र पाण्याचे प्रमाण वाढले की ते अल्कोहोलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. म्हणून मिश्रणासाठी जवळपास निर्जल इथेनॉल लागते आणि ते करण्यासाठी मोठा कारखाना लागतो. मिश्रणाचा मार्ग निवडला तेव्हाच इंधन कोण तयार करणार, हेही बऱ्याच अंशी ठरून गेले.

आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दुसरी वाट चोखाळून पाहिली. गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल, ऊर्ध्वपातनाला सूर्याची उष्णता आणि पाणीमिश्रित अल्कोहोलवर चालणारे स्टोव्ह व कंदील, असे ते काम होते. तेथे भर इंजिनापेक्षा चूल आणि दिव्यावर होता, पण गावाचे इंधन गावात हा विचार तोच.

शासनाची सावधगिरी निराधार नाही. जून 2024 मध्ये तमिळनाडूतील कल्लकुरिची येथे मिथेनॉलमिश्रित दारूने 60 हून अधिक बळी घेतले. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलचे नियमन करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. विनापरवाना भट्टी आजही गुन्हाच आहे आणि तसे प्रयोग घरी कोणी करू नयेत.

परंतु एवढ्यावर विषय संपत नाही. सव्वाशे वर्षांच्या या इतिहासात इंजिनाने फारशी अडचण केलेली नाही. अडचण झाली ती कर, परवाने आणि स्वस्त तेल यांची. आजच्या व्यवस्थेत शेतकरी ऊस, मका किंवा तांदूळ विकतो आणि डिझेल विकत घेतो. देखरेखीखालील छोट्या सामुदायिक भट्टीला कायद्यात जागा द्यावी का, हा प्रश्न म्हणूनच प्रयोगशाळेचा नसून विधिमंडळाचा आहे. अल्कोहोलच्या नियमनाचा अधिकार मान्य झालेल्या राज्यांनी त्याचा विचार आता तरी करावा.