उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

रात्री व्यवस्थित उभी केलेली मोटार सकाळी किल्ली फिरवताच नुसती 'टक्' असा आवाज करते आणि गप्प बसते. अशा वेळी बहुतेक मालक थेट नवी बॅटरी विकत घेतात. काही आठवड्यांनी नवी बॅटरीही उतरते, तेव्हा दोष बॅटरीत नसून गाडीतच कोठे तरी आहे हे ध्यानात येते. अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेलगत असलेल्या दुधनीसारख्या गावात या दुखण्याचे गांभीर्य अधिक जाणवते. रात्री-अपरात्री रुग्णाला सोलापूर किंवा कलबुर्गीला न्यायचे असेल, तर दारातली गाडी सुरू होणे हाच मोठा आधार असतो. आणि स्वयंचलित गिअरची गाडी धक्का मारूनही सुरू होत नाही.

बंद गाडीही थोडी वीज खातच असते. घड्याळ, रिमोट कुलूप, चोरीविरोधी यंत्रणा आणि इंजिनाचा संगणक यांना सतत वीज लागते. साधारण २० ते ५० मिलिअँपिअर इतका हा प्रवाह नैसर्गिक मानला जातो. लहान पेट्रोल मोटारीत बहुधा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. ३० मिलिअँपिअरच्या हिशेबाने दिवसाला पाऊण अँपिअर-तासापेक्षा थोडी कमी वीज जाते. म्हणजे गाडी तीन-साडेतीन आठवडे जागची हलली नाही, तर चांगली बॅटरीही निम्मी होते. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाल्यानंतर हजारो गाड्या सुरू होईनात, त्यामागे हेच साधे गणित होते. याउलट सामानाच्या डिकीतला ५ वॉटचा दिवा चालू राहिला, तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास खर्च होतात आणि दोन दिवसांच्या आतच बॅटरी निम्मी होते.

त्यात उन्हाची भर पडते. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपुढे जातो. शिसे-आम्ल बॅटरीचे तापमान दहा अंशांनी वाढले, की तिचे आपोआप उतरणे ढोबळमानाने दुप्पट होते. उघड्यावर उन्हात उभ्या गाडीची बॅटरी लवकर म्हातारी होते, ती यामुळेच. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली, तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर जमतात आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीचा जोर धरत नाही.

दोष बॅटरीचा की गाडीचा, हे आधी ठरवावे. बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास स्थिर होऊ द्यावी, ऋण टर्मिनलची केबल सोडवून ठेवावी आणि मल्टीमीटरने दाब मोजावा. तो १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, १२.२ म्हणजे निम्मी, तर ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. केबल सोडलेली असतानाही रातोरात दाब बराच घसरला, तर बॅटरीच निकामी आहे असे समजावे. वरच्या पृष्ठभागावर आम्लाने ओलसर झालेली धूळ साचली असेल, तर तिच्यातूनही वीज झिरपते. झाकणे घट्ट बंद करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती पुसून काढावी. काही बंद बॅटऱ्यांवर हिरवा ठिपका दिसतो. त्याच्यावर फार विसंबू नये, कारण सहापैकी एकाच घराची स्थिती तो दाखवतो. इंजिन चालू असताना दाब १३.८ ते १४.५ व्होल्ट नसेल, तर गाडी उभी असताना नव्हे, चालताना बॅटरी भरत नाही, असा दोष निघतो.

बॅटरी चांगली निघाली, की खरा शोध सुरू होतो. मीटर १० अँपिअरच्या जागी लावून ऋण टर्मिनल आणि सुटी केबल यांच्यामध्ये जोडावा. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नये. मीटरचा फ्यूज उडतो. दारे लावून गाडीला अर्धा ते एक तास शांत राहू द्यावे. संगणक झोपी जाण्याआधीच आकडा पाहून अनेक जण घाबरतात. त्यानंतरही ५० मिलिअँपिअरपेक्षा बराच अधिक प्रवाह दिसला, तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजसरशी आकडा खाली येतो, त्याच वाटेवर चोर दडलेला असतो.

हा चोर बहुतेकदा बाहेरून बसवलेला असतो. म्युझिक सिस्टिमची पिवळी तार स्मरणासाठी सतत वीज घेते, तर लाल तार किल्लीबरोबर चालू-बंद व्हायला हवी. घाईत दोन्ही एकत्र जोडल्या, तर सिस्टिम कधीच पूर्ण बंद होत नाही. दुरुस्ती म्हणजे लाल तार किल्लीच्या वाटेवर नेणे, एवढीच. डॅशकॅमेरा आणि जीपीएस यंत्रही तपासावे. फास्टॅगवर मात्र संशय नको; त्या चिकटपट्टीचा गाडीच्या बॅटरीशी काहीच संबंध नसतो. डिकीचा दिवा झाकण लावल्यावर विझतो का, हे आत मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून पाहता येते.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल, तर अल्टरनेटरकडे वळावे. त्यातला डायोड फुटला, की वीज उलट वाहू लागते, आणि ही जाड तार बहुधा फ्यूजच्या मुख्य पेटीतून जात नाही. बॅटरी सुटी असतानाच ती तार काढून टोक कापडात गुंडाळावे आणि पुन्हा मोजणी करावी. आकडा उतरला, तर अल्टरनेटर उघडावाच लागतो. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनचे. दोन-तीन वेळा पूर्ण उतरलेली जुनी बॅटरी तोवर खचलेली असू शकते. ती बदलावी लागली, तर भंगारात फेकू नये. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती संकलन किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच सोपवायची असते, आणि जुनी परत घेऊन विक्रेते नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही देतात.