५ डिसेंबर १९५५ : माँटगोमेरीचा बस बहिष्कार

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात ५ डिसेंबर १९५५ रोजी कृष्णवर्णीयांनी शहर बससेवेवर बहिष्कार घातला. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांना १ डिसेंबरला अटक झाली होती. त्यांचे आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव सर्वतोमुखी आहे. जो ॲन रॉबिन्सन यांचे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

रॉबिन्सन अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि ‘विमेन्स पोलिटिकल कौन्सिल’च्या अध्यक्ष होत्या. अटकेच्या रात्रीच त्यांनी एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रके काढली. दुसऱ्या दिवशी ती शहरभर वाटली गेली. हे एका रात्रीत सुचलेले नव्हते. बसगाड्यांचे सुमारे तीन-चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय आहेत, याची आठवण देत त्यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना बहिष्काराचा इशारा लिहून कळवला होता. हा हिशेब आणि ही पूर्वतयारी, हेच रॉबिन्सन यांचे खरे नेतृत्व.

बहिष्कार ३८१ दिवस टिकला. गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बायका मैलोन्‌मैल पायी गेल्या. जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणींनी जेवणाचे डबे, केक विकून आंदोलनाला पैसा पुरवला.

न्यायालयातही लढल्या त्या बायकाच! ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डोनाल्ड, मेरी लुईज स्मिथ आणि किशोरवयीन क्लॉडेट कॉल्विन यांच्या दाव्यावर नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य असल्याच्या निकालावर शिक्कामोर्तब केले.