हत्यार कुणाचे? मोबाईलची कुलपे आणि ती उघडणारी पोरे

माग, हातोडा आणि कैची ही आमच्या भंडारा जिल्ह्यातील श्रमिकांची तीन जुनी हत्यारे होत. कोष्ट्याचा माग अडला की तो स्वतः त्याखाली शिरे. पितळेची भांडी घडविणाऱ्याच्या हातोड्याचा दांडा ढिला झाला की तो स्वतः पाचर ठोकी. बिडी वळणारी बाई कैचीला स्वतःच धार लावून घेई. पान आणि तंबाखू सट्टेदाराची, बिड्यांची छाट काढण्याचा अधिकारही त्याचाच. परंतु ‘तुझ्या कैचीला तू हात लावू नकोस’ असे म्हणण्याची छाती कोणत्याही सट्टेदाराची झाली नाही. हत्यार ज्याचे, दुरुस्ती त्याची, हा न्याय कोणी लिहून ठेवला नव्हता, कारण तो लिहिण्याची गरजच नव्हती.

आता चौथे हत्यार आले आहे. ते बिडीवालीच्या कमरेला आहे, धानाच्या बांधावर आहे आणि कारखान्याच्या फाटकावरही आहे. त्याचे नाव मोबाईल. पैसे मोजून आपण ते विकत घेतो. पण त्याच्या आत हात घालण्यास बंदी आहे. ही बंदी न मानणाऱ्या पोरांचा इतिहास आज आपल्यापुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही इंजिनियर नव्हे. शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, वर्तमानपत्रांतून आणि या पोरांच्या पाठीमागे उभे राहून शिकलो. तेव्हा शब्द साधे असतील, एवढी सवलत श्रोत्यांनी द्यावी.

या गोष्टीचा आरंभ मोबाईलच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक प्रोग्रामर काम करीत असे. तेथील छपाईयंत्रात कागद अडके. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत त्याने अशी सुधारणा केली होती की, कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांस निरोप जाई. १९८० च्या सुमारास नवे यंत्र आले, तेही अडू लागले; पण त्याची मूळ आज्ञावली मागितली तेव्हा ती देण्यास नकार मिळाला. यंत्र समोर, दुरुस्ती करणारा समोर, आणि मध्ये नकार! या अनुभवाचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. पुढे १९८३ साली त्याने खुल्या आज्ञावलींची चळवळ पुकारली, आणि १९८९ साली तिचा परवाना लिहिला गेला. त्याची अट थोडक्यात अशी : ही आज्ञावली ज्याला मिळेल त्याला तिची मूळ संहिताही मिळाली पाहिजे, त्याने ती वाचावी, बदलावी, पुढे द्यावी, परंतु पुढच्या माणसाचा तोच हक्क कापू नये. आम्हा संघटनावाल्यांस ही अट चांगली उमगते. एका पिढीने मिळविलेला हक्क पुढच्या पिढीकडून कोणी काढून घेऊ नये, म्हणून तर आपण करार लेखी करून घेतो.

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लिहिला आणि १९९२ पासून तो याच परवान्याखाली आला. गूगलने २००७ च्या नोव्हेंबरात अँड्रॉइड जाहीर केले, ते याच गाभ्यावर उभे आहे. म्हणजे आपल्या खिशातील यंत्राच्या तळाशी लोकांनी लोकांसाठी केलेले काम आहे. कुलूप आहे ते त्याच्या वरून लावलेले.

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत विक्रीस आला. महिन्याभरातच त्यात एक गंमत सापडली. फोनवर जे अक्षर टंकावे ते आतल्या आत हुकूम म्हणूनही पाळले जात होते, आणि तेही सर्वोच्च अधिकाराने. एकाने निरोपात ‘रीबूट’ हा शब्द लिहिला आणि फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू झाला! कंपनीने ती चूक तातडीने दुरुस्त केली. पण तोवर पोरांना कळून चुकले होते की दार आहे आणि ते उघडते. हा सर्वोच्च अधिकार मिळविण्यास ‘रूट करणे’ म्हणतात, आणि कंपनीची आज्ञावली काढून तिच्या जागी लोकांनी बनविलेली घालणे यास ‘रॉम टाकणे’. २००९ साली स्टीव्ह कॉन्डिक याने सायनोजेनमॉड नावाची अशी आज्ञावली तयार केली आणि जगभरचे हौशी तिच्याभोवती गोळा झाले. त्याच वर्षी गूगलने त्यास नोटीस दिली, कारण त्यात गूगलची स्वतःची बंद ॲप्सही होती. तडजोड अशी निघाली की, ती ॲप्स वगळावी आणि उरलेले काम चालू ठेवावे. काम चालू राहिले.

आता कोणी विचारील, याचा भंडाऱ्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो आपल्या लिपीचा आहे. अँड्रॉइडच्या पहिल्या काही वर्षांत मूळ आज्ञावलीत देवनागरीची सोयच धड नव्हती. मराठी निरोप आला की पडद्यावर रिकाम्या चौकोनांची ओळ दिसे. काही जण ऑपेरा मिनी वापरीत. त्यात एक आडवाटेची खूण केली की दूरचा संगणक अक्षरांचे चित्र काढून पाठवी आणि मजकूर वाचता येई. परंतु फोनभर मराठी हवी तर फोन रूट करून त्यात देवनागरीची अक्षरफाईल घालावी लागे. तीही पुरी पडत नसे. ‘शिक्षक’ लिहिले तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे उभी राही आणि ‘क्ष’ फुटून त्याचे दोन तुकडे होत. तरी तो मोडका शब्द वाचून आम्हांस जो आनंद झाला तो आजही आठवतो. आमच्या एका बिडी कामगार भगिनीच्या मुलाने कचेरीत बसून आमच्या फोनवर हा प्रयोग केला होता. आम्ही त्यास विचारले, “बाळा, फोन आपला, पैसे आपले, मग यात चोरून काय करायचे?” तो म्हणाला, “फोन आपला हाये काकाजी, पन चाबी कंपनीपाशी हाये.” युनियनच्या अभ्यासवर्गात आम्ही तासभर जे सांगतो ते त्या पोराने एका वाक्यात सांगितले.

धोका नव्हता असे नाही. मध्येच वीज गेली वा चुकीची फाईल पडली की फोन कायमचा मुका होई. पोरे त्याला ‘वीट झाली’ असे म्हणत. हप्त्यावर घेतलेल्या फोनची वीट होणे म्हणजे घरात रडारड. तरीही पोरे थांबत नसत.

आणि नव्या आवृत्तीची ती वाट पाहणे! मृगाच्या पावसाची वाट पाहावी तशी ही मंडळी गूगलच्या घोषणेची वाट पाहत. आवृत्त्यांना गोड पदार्थांची नावे असत : कपकेक, डोनट, पुढे जिंजरब्रेड, जेली बीन, किटकॅट. हे पदार्थ आमच्यापैकी कित्येकांनी खाल्लेले नव्हते, पण क्रम तोंडपाठ. २०१९ मध्ये ही जाहीर नावे बंद होऊन नुसते आकडे उरले. या वाट पाहण्याला आम्ही आरंभी हसत असू. मागाहून त्यातले मर्म कळले. देवनागरी नीट दिसू लागली ती ४.० आणि ४.१ या आवृत्त्यांपासून, म्हणजे २०११ च्या अखेरीस व २०१२ साली. फोनची सारी बोलणी मराठीत आली ती ५.० या आवृत्तीत, २०१४ च्या नोव्हेंबरात. परंतु स्वस्त फोनांना नवी आवृत्ती कंपनीकडून बहुधा मिळतच नसे. नवा फोन घ्या, हाच निरोप. ज्याच्यापाशी जुनाच फोन, त्याच्यापर्यंत ही सुधारणा पोचविली ती बिनपगारी काम करणाऱ्या या पोरांनी.

पुढे जे घडले ते प्रत्येक संघटनेने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २०१३ साली सायनोजेनमॉडच्या नावाने कंपनी निघाली. २०१४ च्या डिसेंबरात तिच्यावरून आपल्या देशात खटला उभा राहिला. वनप्लसचा फोन सायनोजेनची आज्ञावली घेऊन भारतात आला होता, आणि भारतापुरता हक्क मात्र मायक्रोमॅक्सला देण्यात आला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने वनप्लसच्या विक्रीस मनाई केली. काही दिवसांतच ती उठली. पण स्वयंसेवकांच्या घामावर व्यापाऱ्यांचे भांडण सुरू झाले, हे सर्वांना दिसले. २०१६ च्या डिसेंबरात कंपनीने ते काम बंद केले. नाव कंपनीचे होते, ते गेले. यंत्रे कंपनीची होती, तीही गेली. पण संहिता खुली होती, ती कोणाच्या बापाला नेता येईना! त्याच महिन्यात स्वयंसेवकांनी तीच संहिता घेऊन लिनिएजओएस उभे केले, आणि ते आजही चालू आहे. कचेरीचे कुलूप बदलले म्हणून संघटना मरत नाही, सभासद आणि दप्तर शाबूत असावे लागते, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

त्यानंतर हा छंद ओसरला. कारणे दोन. एक, कंपन्यांनी स्वतःच आज्ञावली सुधारली आणि कुलपेही भक्कम केली. दुसरे, २०१६ साली यूपीआय आले आणि नोव्हेंबरच्या नोटाबंदीनंतर फोन हेच पाकीट झाले. रूट केलेल्या फोनवर बँकांची बरीच ॲप्स चालण्यास नकार देतात. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. उघड्या दारातून चोरही शिरतो. पण चोराच्या भीतीने घराची किल्ली मालकाकडूनच काढून घ्यावी, हा कोठला न्याय?

किल्ली नसली की काय होते ते २०२१ च्या ऑगस्टात महाराष्ट्राने पाहिले. अंगणवाडी सेविकांना सरकारने फोन दिले होते. ते अपुऱ्या क्षमतेचे, तापणारे, बंद पडणारे. त्यावर भरावयाचे पोषण ट्रॅकर इंग्रजीत. बाळांची वजने मराठीत मोजणाऱ्या बाईने ती इंग्रजीत लिहावी! सेविकांनी राज्यभर ते फोन सरकारला परत केले. हे हत्यार सुधारण्याचा हक्क त्यांना नव्हता. परत करण्याचा हक्क त्यांनी एकजुटीने बजावला. पोरांनी एकेकट्याने कुलूप उघडले, सेविकांनी मिळून ते नाकारले. आमच्या मते दोघांची मागणी एकच आहे.

केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात संकेतस्थळही उघडले. हे स्वागतार्ह आहे. पण बिडी कामगारांचा कायदा १९६६ साली झाला म्हणून छाट आपोआप थांबली नाही, हेही आपण विसरू नये. कायद्याच्या पाठीशी जाणती माणसे लागतात. प्रत्येकाने आपला फोन उघडावा असे आमचे म्हणणे नाही. वीट झाली तर भरून कोण देणार? परंतु मोहल्ल्यातला एखादा पोरगा फोन खोलून बसला असेल तर ‘रिकामटेकडा’ म्हणून त्याच्यावर खेकसण्यापूर्वी त्याच्याजवळ घटकाभर बसा आणि चाबी कुणापाशी आहे, एवढे त्यास विचारा.