डबल बास आणि वादकाचे शरीर

व्हायोलिनच्या पंक्तीत बसणाऱ्या वाद्यांत डबल बास हे सर्वांत धिप्पाड. जमिनीवर उभे केले की ते सर्वसाधारण माणसाच्या डोक्याच्या वर जाते, आणि त्याच्या तारेची कंपणारी लांबी सुमारे १०५ सेंटिमीटर, म्हणजे व्हायोलिनच्या तारेच्या तिपटीहून अधिक भरते. साहजिकच हे वाद्य उंचापुऱ्या, रुंद पंजाच्या पुरुषाचे, अशी समजूत रूढ झाली. किरकोळ अंगाच्या मुलाने अथवा मुलीने या वाद्याची इच्छा धरली की वडीलधारी माणसे व्हायोलिनकडे बोट दाखवितात. या समजुतीत तथ्य किती, हे इतिहासालाच विचारावे असे आम्हांस वाटते.

तथ्य मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. खर्जातला स्वर हवा तर तार लांब तरी हवी, नाहीतर जाड तरी. जुन्या काळी तारा आतड्याच्या असत. त्या जाड असत आणि पट्टीपासून बऱ्याच उंच ताणलेल्या असत. त्या दाबून धरण्यास बोटांत खरोखरच बळ लागे. व्हेनिसच्या संत मार्क महामंदिराच्या वाद्यवृंदात वाजविणारे दोमेनिको द्रागोनेत्ती (१७६३–१८४६) हे या वाद्याचे पहिले जगविख्यात वादक. त्यांच्या विलक्षण मोठ्या पंजांची वर्णने समकालीनांनी करून ठेवली आहेत. व्हिचेंझा येथील संत पेत्राच्या मठातून मिळालेला, गास्पारो दा सालो यांच्या हातचा बास ते वाजवीत, आणि मृत्युपत्राने तो त्यांनी संत मार्क महामंदिरालाच परत अर्पण केला. अशा थोर पुरुषाची आकृती डोळ्यांसमोर राहिली की लोक तिलाच नियम समजू लागतात.

परंतु त्यांच्यानंतरच्या थोर वादकाची कथा निराळी आहे. क्रेमा गावचे जोव्हान्नी बोत्तेसिनी यांना व्हायोलिनचे पहिले धडे त्यांच्या धर्मगुरू मामांनी दिले. १८३५ साली मिलानच्या संगीत विद्यालयात प्रवेश घ्यावयाचा, तर शिष्यवृत्तीच्या जागा दोनच उरलेल्या: एक बासूनची, दुसरी डबल बासची. तेरा वर्षांच्या त्या मुलाने काही आठवड्यांत तयारी केली आणि दुसरी जागा मिळविली. म्हणजे शतकातील सर्वांत नामांकित बासवादक या वाद्याकडे वळला तो अंगकाठी पाहून नव्हे, घरची गरज आणि रिकामी जागा पाहून! पुढे त्यांनी तेस्तोरे घराण्यातील कारागिराने घडविलेल्या, तीनच तारांच्या बासवर युरोप-अमेरिका जिंकली. १८७१ मध्ये कैरो येथे व्हेर्दींच्या ‘आयदा’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालनही त्यांनीच केले.

माणसाचे माप विसरले म्हणजे काय होते, हेही त्याच काळात दिसून आले. पॅरिसचे व्ह्युयोम यांनी १८५० च्या सुमारास ‘ऑक्टोबास’ नावाचे सुमारे साडेतीन मीटर उंचीचे वाद्य घडविले. तारांपर्यंत कोणाचाच हात पोहोचेना, म्हणून तरफा आणि पायटे जोडावे लागले. बेर्लिओझ यांच्यासारख्या संगीतकाराने त्याची भलामण केली. तरी वाद्यवृंदांत त्याचा प्रसार झाला नाही.

याउलट, शहाण्या कारागिरांनी वाद्यच माणसाजवळ आणले. कित्येक जुन्या बासांचे खांदे कापून उतरते केले गेले, कारण वरच्या पट्टीवर हात पोहोचत नसे. आज मोठ्या वाद्यवृंदांतले बहुतेक वादक ज्यावर वाजवितात त्या आकारालाही ‘तीन-चतुर्थांश’ असेच म्हणतात. ‘पूर्ण’ आकार क्वचितच आढळतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पोलादी तारा रूढ झाल्या, त्या पट्टीच्या जवळ आल्या, आणि निव्वळ बळाचा प्रश्न पुष्कळसा मिटला.

समजूत मात्र तारांइतक्या लवकर बदलली नाही. १९६६ मध्ये ओरिन ओब्रायन न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये डबल बासवर दाखल झाल्या, तेव्हा त्या वृंदात त्या एकट्याच स्त्री होत्या. वृत्तपत्रांनी त्यांच्या वादनापेक्षा त्यांच्या स्त्रीत्वाचीच चर्चा अधिक केली. २०२१ मध्ये निवृत्त होईपर्यंत, पंचावन्न वर्षे, त्या वाजवीत राहिल्या. बळाची सबब पुढे करून किती जणींना दारातूनच परत पाठविले गेले असेल, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

आता तर अर्ध्या, पाव, त्याहूनही लहान मापाचे बास मिळतात आणि सहा-सात वर्षांची मुलेही त्यांवर शिकतात. तेव्हा मुलाची उंची मोजण्याऐवजी वाद्य मुलाच्या मापाचे आहे की नाही, ते पाहावे. खालचा खिळा असा लावावा की पट्टीचा वरचा टोकाकडचा भाग साधारण कपाळाच्या पातळीला येईल आणि गजाचा हात खांदा न वाकविता तारांवर पोहोचेल. उंची कमी पडत असेल तर उंच स्टुलावर बसून वाजवावे. अनेक नामांकित वादक तसेच वाजवितात. मनगट किंवा अंगठा दुखू लागला तर सराव थांबवून शिक्षकांना सांगावे. द्रागोनेत्ती ऐंशी उलटल्यावरही बास सोडावयास तयार नव्हते: १८४५ मध्ये बॉन येथे बीथोवनच्या पुतळ्याच्या अनावरणाच्या सोहळ्यात तेरा बासवादकांच्या अग्रभागी ते होते, आणि तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी वर्षांचे होते.