दोर तुटतो कुठे? डोंगरीच्या डोल जाळ्यापासून काइटसर्फिंगच्या लाइनपर्यंत

आज आपण डोंगरीला जातोय. सिनेमात दिसतं ते मुंबईतलं डोंगरी नव्हे हं. भाईंदर पश्चिमेला उत्तनची बस पकडायची, मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकायचं, मग टेकडीच्या अंगाखांद्यावर वसलेलं एक गाव लागतं. ते आपलं डोंगरी. पलीकडे उत्तन, चौक, पाली आणि समोर अरबी समुद्र.

विषय आहे दोर. गोव्यात मोरजीच्या बाजूला काइटसर्फिंग करणारे तुम्ही रीलमध्ये पाहिले असतील. पायाखाली फळी, डोक्यावर मोठा पतंग आणि मधे वीस-पंचवीस मीटरच्या चार-पाच बारीक लाइन. एकेक लाइन दोनशे किलोहून जास्त ताण झेलते, तरी तुटते. कडेची एखादी तुटली की पतंग एकाच बाजूला गरगर फिरतो आणि खालच्या माणसाला फरफटत नेतो. मग एवढी मजबूत लाइन तुटते कशी? याचं उत्तर शोधायला मला डोंगरी-उत्तनचा किनारा सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण इथली माणसं पिढ्यानपिढ्या एक पतंग उडवत आली आहेत. फक्त तो पाण्याखाली असतो.

त्याचं नाव डोल जाळं. शंकूसारखी लांबलचक पिशवी, तोंडाशी रुंद, शेपटीला निमुळती. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ती दोरांनी बांधतात. तोंड प्रवाहाकडे. पाणी वाहतं, जाळं फुगतं आणि बोंबील, जवळा, करंदी आत येते. जाळं कोणी ओढत नाही. सगळी ओढ पाण्याची आणि ती झेलतो फक्त दोर. पतंगात वारा करतो तेच इथे पाणी करतं.

आता थोडं गणित, घाबरू नका. वारा असो की पाणी, वेग दुप्पट झाला की ओढ साधारण चौपट होते. भांगाच्या दिवसांत प्रवाह संथ असतो, उधाणाला जोरात. म्हणजे तोच दोर, तेच जाळं, पण ताण कित्येक पटींनी जास्त. त्यात दिवसातून चारदा प्रवाह दिशा बदलतो. दोर ताणला जातो, सैल पडतो, परत ताणला जातो. पतंगाचंही तसंच. बारा नॉटच्या वाऱ्यात निवांत चाललेलं असताना चोवीसचा झोत आला की हातातला ताण एकदम चौपट.

पूर्वी हे दोर ताग, अंबाडी, काथ्या यांचे असत. त्यांचा मोठा शत्रू म्हणजे कुजणं. म्हणून जाळी आणि दोर झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवायचे आणि वरचेवर उन्हात वाळवायचे.

हीच अडचण इंग्रजांच्या जहाजांनाही होती. त्यांच्या आरमाराचा दोर बराचसा रशियाच्या हेम्पचा. रशियाशी बिनसलं तर काय, ही चिंता कायमची. त्यामुळे भारतातल्या धाग्यांची परीक्षा सुरू झाली. १७९३ पासून कलकत्त्याजवळच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेल्या विल्यम रॉक्सबर्ग यांनी वेगवेगळ्या झाडांचे दोर वळून त्यांना वजनं टांगली. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. साधा दोर, सालीच्या काढ्यातला दोर आणि डांबर लावलेला दोर असे तिन्ही कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवले आणि मग परत तोडून पाहिले. पुढे रशियाशी खरोखरच क्रिमियाचं युद्ध पेटलं. ते चालू असतानाच, १८५५ मध्ये, फोर्ब्स रॉयल यांचा 'द फायब्रस प्लांट्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ आला. त्यात या चाचण्यांचे आकडे आहेत.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे लोड टेस्टिंगच वाटतं. नव्या दोराचा आकडा सगळेच सांगतात. रॉक्सबर्गनी विचारलं, वापरून झाल्यावर किती उरतो? लाइनच्या पाकिटावर छापलेला आकडा नव्या, सरळ, गाठ नसलेल्या लाइनचा असतो. तुमच्या हातात असते ती वापरलेली लाइन.

१९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं. १९५७ मध्ये कोचीत केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आणि आपल्याकडेही कृत्रिम धाग्यांच्या जाळ्यांचं काम वाढलं. कुजणं संपलं! काइटच्या लाइनचा धागा तर आणखी पुढचा, डायनिमासारखा खास पॉलिथिन. वजनाच्या हिशेबात पोलादापेक्षा कितीतरी मजबूत.

पण शत्रू फक्त बदलले. पहिला, गाठ. गाठीत दोर वाकतो, बाहेरच्या धाग्यांवर जास्त ताण येतो, आतले मोकळे राहतात. डायनिमासारख्या निसरड्या लाइनची ताकद साध्या गाठीने निम्म्यावर येऊ शकते. दुसरा, घासणं. विणीत शिरलेली वाळू आणि मिठाचे खडे धागे आतून कापतात. तिसरा, ऊन. आणि चौथा, उष्णता. हा धागा साधारण १५० अंशांच्या आसपास वितळतो. दोन पतंगांच्या लाइन अडकल्या आणि एक दुसरीवर सरसर धावली, तर घर्षणाने क्षणात चट्टा पडतो. पेच लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक हिशेब आहे. तागाचा दोर तुटला तर समुद्रात कुजून जायचा. नायलॉनचं जाळं दोर तुटून वाहून गेलं तर वर्षानुवर्षं मासे अडकवत राहतं. म्हणजे तुटलेल्या दोराचं नुकसान आता एका घरापुरतं उरत नाही.

मग उपाय काय? किनाऱ्यावर उत्तर जुनंच आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या वर, आणि त्या काळात जाळी-दोरांची डागडुजी. आमच्या भाषेत मेंटेनन्स विंडो. काइटवाल्यांसाठीही तेच. वापरून झालं की गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. दर वेळी लाइन बोटांतून सरकवून बघा. कुठे खरखर, चपटेपणा किंवा धागे सुटलेले लागले तर ती लाइन बाद. मधे गाठ पडली असेल तर ताण येण्याआधी सोडवा. तुटलेली लाइन गाठ मारून परत वापरू नका. टोकांना घासण्यापासून वाचवणारं वेष्टण असू द्या. चारही लाइनची लांबी सारखी आहे ना, तपासा, नाहीतर भार एकीवरच येतो. आणि पतंग सोडून देण्याची क्लिप जमिनीवर असतानाच हाताळून बघा. एवढं करूनही लाइन तुटू शकते, तेव्हा हीच क्लिप जीव वाचवते.

उत्तनच्या बाजूला गेलात तर सुकत टाकलेल्या बोंबलांचे फोटो काढाच. पण शेजारी पडलेला दोराचा ढीगही नीट बघा. कुठे घासलाय, कुठे नवा तुकडा जोडलाय, ते शोधा. चला, भेटूया पुढच्या भागात!